भुंग्याची दुपार

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई आज सरळ म्हणाल्या, "एखादा व्हायब्रेटर घ्या." माझ्या डोळ्यांसमोर आधी आमच्या लॅबमधला आला. कवळीसाठी दातांचा साचा ओतताना प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहतात. ते वर यावेत म्हणून साचा एका थरथरणाऱ्या लोखंडी चौथऱ्यावर धरतात. त्यालाही आम्ही व्हायब्रेटरच म्हणतो. मी म्हटलं, "तो आहे की आमच्याकडे, रोजच वापरते." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं आणि त्या इतक्या हसल्या की मागची चांदी भरलेली दाढ दिसली. माझं लक्ष आधी तिथेच जातं, त्याला इलाज नाही.

हसून झाल्यावर नीट समजावलं. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, कोरडी पडते, रक्त कमी पोचतं, म्हणून आग होते. मलम दिलं आहे. पण नुसत्या मलमावर भागवू नका, म्हणाल्या. "आणि आपल्याला बरं वाटावं, हे कारणसुद्धा पुरेसं आहे. त्याला दुखणं जोडायलाच हवं असं नाही."

"माझा नवरा जाऊन दुसरं वर्ष चालू आहे."

"म्हणून तर म्हणतेय."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, मलम दिलंय. तेवढंच.

१३ जानेवारी

आमच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत (हे काही अंगवळणी पडत नाही), पलंगाच्या उशाशी लाकडी फळी आहे. फळीवर त्याचे दात आहेत. झोपेत करकर दात खायचा, म्हणून मी रात्री दातांवर बसवायची, त्याच्या मापाची पट्टी करून दिली होती. त्या वेळचा प्लास्टरचा नमुना, वरचा जबडा आणि खालचा. पुढच्या दोन दातांत फट, डावा सुळा किंचित वळलेला. फोटोत माणूस तोंड मिटून असतो, हे मात्र अगदी त्याचं आहे. टाकवत नाही. आणि कपडे बदलताना मी त्यांच्याकडे पाठ करते.

तो गुणगुणायचा. गाणं नाही, बंद तोंडाने एकच सूर. दाढी करताना, चपला शोधताना, आणि सुट्टीच्या दुपारी आडवा पडला की झोप लागेपर्यंत. लहानपणापासूनची खोड. सासूबाई त्याला भुंगा म्हणायच्या, केस पिकले तरी. त्या सकाळीही गुणगुणतच कामावर गेला आणि तिथे खुर्चीतच गेला. तेव्हापासून घर इतकं गप्प आहे की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. सासूबाई चार घास खातात आणि ताट सरकवतात.

कधीकधी वाटतं तो अजून खोलीत आहे. दिसत नाही, काही नाही. फक्त मी एकटी आहे असं वाटत नाही.

१९ जानेवारी

घाई केली आणि तोंडावर आपटले. इंटरनेटवर जो पहिला दिसला तो मागवला होता. गुलाबी, मऊ, हाताला चिकटणारा, आणि खोका उघडताच वास! कवळीचं प्लास्टिक नीट शिजलं नाही की असाच वास मारतो. असल्या मालात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यात घाण मुरते, मग घासघास घासा, निघत नाही. जी वस्तू मी कुणाच्या तोंडात जाऊ देणार नाही, ती मी तिथे लावणार होते. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

लॅबमधल्या पॉलिशवालीला विचारलं. ती कवळ्यांना चमक देते, दोन लग्नं मोडून आता मांजर पाळून आहे, आणि कशालाही लाजत नाही. तिने चाक चालूच ठेवलं, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये, आणि चाकाच्या आवाजावर आवाज चढवून मला सगळं सांगितलं. सिलिकॉनचाच घे, वास अजिबात नको. पाणी लागलं तरी चालेल असा. बटण न बघता सापडलं पाहिजे. सोबत पाण्यावर केलेलं जेल घे, सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावलंस तर तिची कातडी उतरते. आतला नको, बाहेरून लावायचा छोटा घे, तुला सुरुवातीला तोच बरा.

"आणि आवाज बघ गं. तुझ्या घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा."

मी म्हटलं, सासूबाईंना चहा घ्या म्हणून तीनदा सांगावं लागतं, त्यांना कुठलं ऐकू येतंय.

२८ जानेवारी

पॉलिशवालीच्या ओळखीच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं तांबडे दिवे वगैरे असतील. चष्म्याच्या दुकानासारखं लख्ख होतं. दुकानवाली चाळिशीची, दातांना तारा लावलेल्या, त्यामुळे माझा तिच्यावर लगेच विश्वास बसला. म्हणाली, "नाकाच्या शेंड्याला लावून बघा, जोर तिथे कळतो." भर दुकानात मी नाकाला लावून उभी. काही नुसतेच वरवर झिणझिणत होते. एक मात्र खोल, गंभीर घुमत होता. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, निळसर राखाडी. तो घेतला.

त्याचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. दुकानात आठवलं नाही.

३० जानेवारी

सगळं रीतसर केलं. कोमट पाणी, साधा साबण, कोरडा पुसला. उकळत्या पाण्यात टाकायचा मोह झाला होता, लॅबमध्ये आम्ही साचे उकळतोच. पण आत मोटार आहे, आणि माहितीच्या कागदावर तसं करू नका म्हणून ठळक छापलंय. रात्रभर चार्ज करून वायर काढून ठेवली, चार्जिंगला लावलेला असताना वापरायचा नसतो.

दुपारी दोनला लॅब सुटते. सासूबाई त्यांच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी कडी लावली, जेल घ्यायला उठले आणि तो चालू करून क्षणभर उशाच्या फळीवर ठेवला.

तोच सूर होता. त्याचा. बंद तोंडाचा, सुट्टीच्या दुपारचा.

आणि फळीवर दात वाजायला लागले. वरचा जबडा खालच्यावर कडकड आपटत होता, थंडी वाजल्यासारखा. मी झडप घालून बंद केला. दात थांबले. सूर थांबला नाही. बारीक, लांबून, भिंतीत कुठेतरी, तो चालूच होता. मी पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिले. मग तोही थांबला.

मी घाबरट नाही. रोज माणसांचे जबडे हाताळते. पण आज जेलचं झाकण उघडलंच नाही.

२ फेब्रुवारी

दात भिंतीकडे तोंड करून ठेवले. फळीवर काही ठेवलं नाही. सर्वांत हळू जोर, भरपूर जेल, आणि घाई नाही.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. सुख झालं. मला वाटलं होतं ते दुकान कायमचं बंद झालंय. नंतर रडू आलं, आणि ते वाईट रडणं नव्हतं.

मग बंद केला, आणि भिंतीतून तो गुणगुणला.

माझ्यावर रागावला असेल का? तो रागवायचा नाही, रुसायचा. रुसला की बोलणं बंद आणि गुणगुणणं मात्र चालू.

८ फेब्रुवारी

सासूबाईंच्यात फरक आहे. काल दोनदा भाजी घेतली. त्यांच्या खोलीतली खुर्ची खिडकीतून उचलून आम्हा दोघींच्या मधल्या भिंतीला लावून घेतली आहे. म्हटलं, आई, इथे ऊन येत नाही. म्हणाल्या, "उन्हात बसून काय पापड व्हायचंय मला?" आज चहाला तीन कप मांडले. मी बघतेय म्हटल्यावर तिसरा उचलून ठेवला. वयाने विसरतात आता.

दुपारी मी भांडी घासायला घेतली तर म्हणाल्या, "राहू दे ती. तू जा, पड जरा. दमतेस." पंधरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. माझं वयच झालंय वाटतं, दिसत असणार.

१५ फेब्रुवारी

माझंच चुकलं. त्याचा सूर ऐकू येऊ नये म्हणून मी जोर वाढवत गेले, आणि वेळही. परवा तर शेवटच्या जोरावर, दात आवळून. सुखासाठी नव्हतंच ते. कुणाचा तरी आवाज दाबायला माणूस रेडिओ मोठा करतो तसं चाललं होतं. काल बधिर वाटायला लागलं, आज आग होतेय.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, बधिरपणा उतरेल. आठवडाभर बंद. कातडी लाल असेल, सोललेली असेल तर हात लावायचा नाही. पुन्हा सुरू करताना हळू जोर आणि थोडा वेळ. दुखलं की थांबायचं, दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. रक्त दिसलं तर लगेच या. शेवटी विचारलं, ठेवता कशात? मी म्हटलं, त्याच्या जुन्या लोकरी मोज्यात. "लोकरीचे तंतू चिकटतात त्याला. स्वच्छ सुती पिशवी करा," म्हणाल्या.

मोजा त्याचा आहे हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती. तोंडून निघून गेलं.

२४ फेब्रुवारी

आग थांबली, पण मी कपाट उघडलेलं नाही. तो गप्प आहे तर गप्प राहू दे.

सासूबाईंचं पुन्हा चार घासांवर आलं. आज ताटावर हात ठेवून विचारलं, "तू हल्ली दुपारी आत जात नाहीस?"

"काम असतं, आई."

"काही बिनसलंय का तुमचं?"

"कुणाचं?"

त्यांनी ताट सरकवलं. हात धुवायला उठल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या.

२७ फेब्रुवारी

आज कळलं.

ठरवलं होतं की भित्र्यासारखं वागायचं नाही. दुपारी कडी लावली, चालू केला, आणि भिंतीतून सूर आला तसा व्हायब्रेटर चालूच पलंगाच्या लाकडी कडेवर ठेवून मी बाहेर पडले. म्हटलं बघूया कुठून येतो ते. सूर सासूबाईंच्या खोलीतून येत होता. दार ढकललं.

त्या खुर्चीत होत्या. गाल भिंतीला लावलेला, तळहात भिंतीवर पसरलेला, डोळे मिटलेले, आणि बंद तोंडाने गुणगुणत होत्या. तोच सूर, एक पट्टी खाली धरलेला. मी आल्याचं कळल्यावर डोळे उघडले, पण हात काढला नाही.

"भुंगा आलाय," म्हणाल्या. "दुपारचा येतो. तुझ्या खोलीत. तुला ऐकू येत नाही?"

मी भिंतीला हात लावून बघितला.

"पाळण्यात असल्यापासून असाच. तो गुणगुणला की मी पण गुणगुणायचे. मग त्याला कळायचं, आई इथेच आहे."

भिंतीपलीकडे माझा व्हायब्रेटर पलंगाच्या लाकडावर पडून घुमत होता. पलंग भिंतीला टेकलेला, लाकडातून भिंतीत, भिंतीतून त्यांच्या गालात. लॅबमध्ये चौथऱ्याखाली रबर घातलं नाही की सगळी इमारत घुमते, हे मी नव्या पोरींना शिकवते. आणि घरी मला सुचलं नाही.

मी म्हटलं, "येतं, आई. ऐकू येतं."

दुसरं काय म्हणणार होते? मुलगा नाही तो, बॅटरीवर चालतो, असं? मी परत खोलीत आले आणि बराच वेळ तो बंद केला नाही.

३ मार्च

आता रोज दुपारी हेच. धुऊन पुसून तो फळीवर ठेवते, रबर-बिबर काही नाही, उलट भिंतीला भिडवून, म्हणजे नीट पोचावा. दात उचलून मांडीवर घेते, नाहीतर वाजतात. आणि हात मांडीवर ठेवून बसते. पलीकडून त्या गुणगुणतात. आई आणि मुलगा. मी मधली.

माझ्यासाठी आणला होता. किती दिवसांनी माझं असं काहीतरी मला मिळालं होतं, आणि तेही त्याचं झालं. राग येतो. मेलेल्या माणसाचा आणि म्हाताऱ्या बाईचा राग येतो, आणि मग स्वतःची लाज वाटते. पण त्या जेवतात. आज भाजीत मीठ कमी आहे म्हणूनही बोलल्या.

पॉलिशवाली म्हणाली, "दुसरा घे, एकदम बिनआवाजी." पण आवाजाचा प्रश्न आहे का? शरीरच मिटून गेलंय. खोलीत सतत तो बसलेला, आणि भिंतीला त्याची आई.

९ मार्च

लॅबमध्ये उशीर झाला. घरी आले तर सासूबाईंनी वाळलेले कपडे काढून, घड्या करून माझ्या कपाटात लावलेले. वरपासून खालपर्यंत, ओळीने. मी घाईने मोजा शोधला. मोजा त्याच कप्प्यात होता, आतली वस्तूही. फक्त मोज्याची नीट घडी घातलेली होती, आणि वस्तूला चिकटलेले लोकरीचे तंतू नव्हते. मीच मागे पुसून ठेवला असणार. त्यांची नजर कमी झालीये, त्यांना मोजा म्हणजे मोजाच दिसला असणार. हुश्श झालं.

११ मार्च

आज दुपारी नेहमीसारखा फळीवर ठेवला. पलीकडून काहीच नाही. वाट बघितली. मग दारावर टकटक. झटकन बंद करून पांघरूण टाकलं, कडी काढली.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. पांघरुणाकडे बघितलं नाही.

"हल्ली त्याचा आवाज वेगळा येतो," म्हणाल्या. "भिंतीला डोकं लावून बसल्यासारखा. आधी तसा नव्हता यायचा."

"हो का, आई?"

"त्याला म्हणावं, आईसाठी यायचं कारण नाही आता. आईला पुष्कळ ऐकवलंस." पदर सावरला. "मी पण चाळिशीतच एकटी पडले. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. अंगावर पाणी घेताना सुद्धा भरभर घ्यायचं, असं होतं."

मला कळलं नाही आंघोळीचा इथे काय संबंध. वय झालं की एकातून दुसरं निघतं. मी म्हटलं, बसा ना.

"बसत नाही. ते दात मला दे."

"कुठले?"

"त्याचे. इथे कशाला हवेत? बाई माणसाच्या खोलीत सारखं कुणी दात काढून बसलेलं बरं दिसत नाही. माझ्याकडे राहू दे त्याला."

मी दिले. दोन्ही जबडे जुळवून त्यांच्या ओंजळीत ठेवले. त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला, मग पदराखाली धरून नेले. गेल्यावर फळीवर दातांचा पांढरा ठसा तेवढा राहिला. मी तो ओल्या फडक्याने पुसला आणि तोंडात फडकं धरून रडले.

१४ मार्च

सासूबाईंनी मला एक पिशवी शिवून दिली. दोन दिवस मशीनवर बसल्या होत्या, मला वाटलं उशीचे अभ्रे. पांढऱ्या सुती कापडाची, धुऊन मऊ केलेली, आत दुसरं कापड लावलेलं, तोंडाला नाडी. एक धागा बाहेर नाही. "ठेव काहीतरी," म्हणाल्या. "लोकर वाईट. सगळ्याला चिकटते."

चष्म्यासाठी असणार. पण माझा चष्मा त्यात जात नाही, अरुंद झालीये, आणि आखूडही. मापाचा अंदाज चुकला बिचारीचा. मी बोलले नाही, एवढ्या मेहनतीने केलेली. म्हटलं अगदी बरोबर आहे, आई. सहज म्हणून मोज्यातली वस्तू घालून बघितली, तर ती मात्र मापाने केल्यासारखी बसली. कधीकधी असा योग येतो.

जेवण झाल्यावर त्यांनी आपली खुर्ची उचलून पुन्हा खिडकीत नेली. मी धरू लागले तर म्हणाल्या, "आज मी बातम्या ऐकणार आहे. चांगला तासभर. मला हाक मारू नकोस, मी पण मारणार नाही." आणि दार लावून घेतलं. मग रेडिओ लागला, एवढा मोठा की माझ्या टेबलावरचा पेला थरथरला.

मी पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला. पायांखाली लॅबमधले रबराचे तुकडे घातले. हात धुतले, तो धुतला. सर्वांत हळू जोर.

नुसती मोटार होती. तिचा सूर त्याच्यासारखा होता, पण तो नव्हता. थांबवला तेव्हा थांबला, आणि भिंतीतून कुणी काही बोललं नाही. आज पहिल्यांदा खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, आणि मग मी गाढ झोपले, संध्याकाळपर्यंत.

उठले तरी रेडिओ तसाच कोकलत होता. सासूबाईंचे कान आता अगदीच गेलेले दिसतात. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जायला हवं.